पैलवानानं सोडलेला डाव

उसाचं कांडं मानेवर बसलं तसा तो पैलवान गुडघ्यांवर आला, आणि मग जो तो त्याच्यावर तुटून पडला.

“नुरा! नुरा! हाणा भाड्याला!”

त्याचा जोडीदार लंगोटावरच पळत सुटला होता. त्याच्या पाठीवर चपला बसत होत्या, मातीची ढेकळं बसत होती, कुणीतरी अर्धं खाल्लेलं कणीससुद्धा भिरकावलं. लोक मारत होते आणि हसतही होते. खाली पडलेल्याच्या नाकातून रक्त वाहत होतं, पण कुस्तीच्या हौद्यातल्या लाल मातीत ते वेगळं दिसतच नव्हतं.

ऋजूनं माझा दंड घट्ट धरला. “आई, त्यांना का मारतायत?”

“ते खोटं खेळले म्हणून.”

“खोटं म्हणजे?”

“कोण जिंकणार ते आधीच ठरवून घेतलं.”

“मग बक्षीस नाही द्यायचं. मारायचं कशाला?”

मी तिचे डोळे हातानं झाकले. नऊ वर्षांची होती ती. नुरा हा शब्द आमच्या सांगलीकडच्या पोरांना बाराखडीच्या आधी येतो. ऋजूला मात्र तो त्या दिवशी पहिल्यांदा कळला, कारण तिचं सगळं आयुष्य बुद्धिबळाच्या हॉलमध्ये गेलेलं. तिथं कुणी खोकलं तरी पंच डोळे वटारतात.

हिंगणवाडीच्या यात्रेतलं ते कुस्त्यांचं मैदान होतं. अण्णामामा, म्हणजे माझ्या आईचा मावसभाऊ बाळगोंडा पाटील, यात्रा कमिटीचा अध्यक्ष. यंदा काहीतरी वेगळं करायचं म्हणून त्यानं शेवटच्या कुस्तीआधी बुद्धिबळाचा सामना ठेवला होता. एका बाजूला राज्यात पहिली आलेली त्याची नात, म्हणजे ऋजू. दुसऱ्या बाजूला पैलवान रणधीर खोत. शेजारच्याच तावशीवाडीचा हा गडी. कुस्ती सोडून सिनेमात गेला, हिरो झाला, आणि आता मोबाइलवर त्याच्या बुद्धिबळाचे व्हिडिओ घरोघर बघितले जात. कधी नटीबरोबर, कधी क्रिकेटवाल्याबरोबर, आणि बहुतेक वेळा हाच जिंकायचा.

“सगळं ठरवलेलं असतं गं,” ऋजूचे बाबा म्हणायचे. “त्याच्या कानात यंत्र असतं. पुण्यात बसलेला कुणीतरी चाली सांगतो आणि हा भुवया उडवून सोंगट्या हलवतो.” ते बँकेच्या कामासाठी हुबळीला गेले होते, म्हणून मी एकटीच पोरीला घेऊन आले होते. येताना मनाशी ठरवलं होतं, त्याचे कान नीट बघायचे.

“घाबरू नको गं पोरी,” अण्णामामा मागून म्हणाला. “ही दरसालची गंमत हाय. जरा मंडपामागं ये, बोलायचंय.”

ऋजूला मंडपात बसवून मी मागं गेले. खोत तिथं प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. खुर्चीचे पाय फाकले होते. पडद्यावर दिसतो त्याहून थोराड, आणि डोळ्यांखाली काळं. शेजारी गॉगल लावलेले दोन अंगरक्षक उभे. मी आधी कान पाहिले. दोन्ही कान मोडलेले, सुजून फुललेल्या पुरीसारखे बंद झालेले. वर्षानुवर्षं मातीत घासल्यावर पैलवानाचे होतात तसे. त्यांत यंत्र काय, कापसाचा बोळाही शिरला नसता.

“पैलवान,” अण्णामामानं आवाज खाली आणला, “अर्धा तास खेळायचं. मग बरोबरी. हात मिळवायचा, दोघांनी फेटे बांधून घ्यायचे. तुमचं नाक ऱ्हाईल, पोरीचं कौतुक हुईल, आन माझं मैदान गुमान पार पडंल.”



“आणि हे ऋजूला कोण सांगणार?” मी विचारलं.

“तूच की. आई कोण हाय तिची?”

“मामा, ती ऐकणार नाही. मागं एकदा बरोबरी झाली तर दिवसभर जेवली नाही ती.”

“मग समजाव. आत्ता बघितलंस न्हवं काय झालं ते? माणसं तापल्यात.” तो हसत म्हणाला. मला त्या हसण्याचीच भीती वाटली.

“मग आम्ही घरीच जातो.”

“जातीस कुठं? आसपासची सगळी गावं लोटल्यात. पोस्टर लागल्यात. आता पोरगी दिसली न्हाई तर मंडप जाळतील माझा.”

तेव्हा खोत पहिल्यांदा बोलला. “ताई, पोरीला काय सांगू नका. खेळू द्या तिला. मी बघतो.”

“बघता म्हणजे?”

“बघतो म्हणजे बघतो.” तो उठला आणि पडदा सारून बाहेर गेला. बाहेर शिट्ट्यांचा पाऊस पडला.

मी समजले ते एवढंच, की जे काही नाटक करायचं ते हा करणार, ऋजूला त्यात ओढणार नाही. जीव थोडा भांड्यात पडला. मला दुसरं काहीच नको होतं. फेटा नको, कौतुक नको. दिवेलागणीच्या आत पोरगी धडधाकट घरी जाऊ दे, एवढंच.

हौद्याच्या मधोमध टेबल मांडलं होतं. चारही बाजूंनी दोरी, दोरीला खेटून माणसं, माणसांच्या खांद्यांवर माणसं. मी दोरीच्या आत, टेबलापासून दहाएक हातांवर बसले. निवेदकाला कुस्तीशिवाय काही ठाऊक नव्हतं.

“पैलवानानं घोडा काढला! काय झेप हाय, मंडळी! पोरीनं उंट टाकला, उंटाची पकड लागली!”

“अय खोत, जरा शड्डू ठोक की!”

“पोरीला दम दे, पळून जाईल!”

“ते काळं तिरकं काय हाय रं?”

“तुझा सासरा हाय त्यो.”

लोक खदखदून हसत होते. ऋजूला यातलं काही ऐकू येत नव्हतं. ती नेहमीसारखी खुर्चीवर गुडघे टेकून बसली होती आणि फ्रॉकची कॉलर चावत होती. मला डाव फारसा कळत नाही, पण माझी पोर कळते. अडचणीत असली की ती कॉलर चावते. बराच वेळ चावत होती. हा माणूस तिला सतावतोय, हे बघून मला नवल वाटलं.

मग तिनं कॉलर सोडली आणि अगदी स्थिर झाली.

खोतही स्थिर झाला. त्याच्या हनुवटीवरून घामाचा थेंब पटावर पडला, तो त्यानं बाहीनं पुसला. टेबलाखाली त्याचा गुडघा थडथडत होता. मी मनात म्हटलं, काय नट आहे. अण्णामामा दोरीबाहेरून दोन्ही तळवे एकमेकांवर आपटून खुणा करत होता, मिळव हात, मिळव. खोतनं तिकडं पाहिलंही नाही. तो पटावर वाकून कितीतरी वेळ बसला. निवेदकाचेसुद्धा शब्द संपले.

मग त्यानं आपला राजा दोन बोटांनी आडवा निजवला, उभा राहिला आणि पाखरू धरावं तसा ऋजूचा एवढासा हात हातात घेतला.

“हरलो मी. लई भारी खेळलीस.”

ऋजूनं त्याच्याकडं बघून मान हलवली आणि सोंगट्या डब्यात भरायला घेतल्या. डाव संपला की आवरायचं, हे तिच्या सरांनी लावलेलं वळण.

मग मागून कुणीतरी ओरडलं, “हरला कसा? त्याचा वजीर उभा हाय की! हत्ती उभं हायती! मेलं कोण?”

“पाठ टेकली का त्याची?”

“एवढा गडी आन एवढ्याशा पोरीपुढं नांगी टाकली? व्हिडिओसाठी केलं!”

“नुरा!”

बुद्धिबळात पुढचं दिसलं की डाव सोडतात. मला ते ठाऊक होतं, ऋजूला ठाऊक होतं. त्या हजारो माणसांच्या डोळ्यांना एकच हार ठाऊक होती, पाठ मातीला लागलेली. मी मात्र तेव्हा हा विचार केला नाही. खरं सांगायचं तर माझ्याही मनात आलं, नुराच आहे ही. ठरली होती बरोबरी, यानं केली हार, म्हणजे लहान मुलीला जिंकू देणारा मोठ्या मनाचा हिरो. चांगला व्हिडिओ होईल.

पहिला दगड टेबलावर पडला. दुसरा ऋजूच्या कपाळावर.

ती ओरडली नाही. हातात हत्ती घेऊन तशीच उभी राहिली आणि तिच्या भुवईवरून रक्ताची धार डोळ्यात उतरली. मी धावले. दोरी तुटली होती आणि चहूकडून माणसं आत घुसत होती. कुणाचं तरी कोपर माझ्या तोंडावर बसलं, दात ओठात घुसला. अंगरक्षक सगळ्यांत आधी पळाले. एकाचा गॉगल माझ्या पायाखाली चुरडला. मी पडले, उठले, पुन्हा पडले. पायांच्या जंगलातून मला टेबल उलटताना दिसलं, आणि मग खोत दिसला.

तो हौद्यात हातापायांवर ओणवा झाला होता, कुस्तीत खाली बसलेला पैलवान होतो तसा. पाय फाकलेले, पंजे मातीत रुतलेले. ऋजू त्याच्या पोटाखाली होती. वरून त्याच्या पाठीवर उसाची कांडं, लोखंडी खुर्च्या, जे हाताला येईल ते पडत होतं. दोघं-तिघं त्याच्या काखेत हात घालून त्याला उलथायला बघत होते.

“उताणा कर! चीत कर त्याला!”

“पाठ लावा नुरावाल्याची!”

तो हलत नव्हता. मी रांगत त्याच्या हातांमधून आत शिरले आणि ऋजूला छातीशी धरलं. खाली घामाचा आणि ओल्या मातीचा वास होता. त्याच्या डाव्या डोळ्यातून रक्त टपटप तिच्या फ्रॉकवर पडत होतं. बाहेर काडकन काहीतरी मोडलं. खुर्ची होती की त्याचं हाड, मला कळलं नाही.

“ताई,” तो दातांतून म्हणाला, “माईक कुठं हाय?”

“काय?”

“निवेदकाचा माईक. बघा. मला जास्त दम निघायचा न्हाई.”

माईक हातभर अंतरावर मातीत पडला होता. मी हात लांब केला. एक पाय माझ्या बोटांवर पडला आणि पिळला गेला. मी किंचाळत माईक ओढला आणि त्याच्या तोंडाशी धरला.

“नुरा होती!”

सगळ्या कर्ण्यांतून त्याचा आवाज फुटला. मारणारे हात क्षणभर अडखळले.

“नुरा होती. मी मुद्दाम हरलो. पोरीला ठाऊक न्हवतं. तिचा काय गुन्हा न्हाई. तिला आन तिच्या आईला जाऊ द्या.”

“आन दहा वर्षांमागची? विट्याच्या मैदानातली?” कुणीतरी विचारलं. ज्या कुस्तीनं त्याला लाल माती सोडायला लावली, ती. त्यानं ती नुरा असल्याचं कधीच मान्य केलं नव्हतं.

त्यानं तोंडातली माती थुंकली. “ती बी.”

गर्दीतून एक लांब हुंकार निघाला, जुनं येणं वसूल झाल्यासारखा. आणि जादू व्हावी तशी माणसं बाजूला झाली. एका म्हाताऱ्यानं मला हाताला धरून उठवलं. “चल बाई, लेकराला घिऊन चल. लेकराचा काय दोष.” कुणी पटका सोडून ऋजूच्या कपाळावर दाबला. आम्हाला वाट मिळाली.

“खोटं बोलतायत!” ऋजू किंचाळली. “मी जिंकलेय! खोटं! त्यांना बाहेर पडायला जागाच नव्हती!”

मी तिच्या तोंडावर हात दाबला. ती चावली. तिचे दात माझ्या तळव्यात रुतले, तरी मी हात काढला नाही. आमच्या मागं वाट पुन्हा मिटली आणि पुन्हा तोच आवाज सुरू झाला, ओल्या पोत्यावर काठ्या मारल्यासारखा.

तालुक्याच्या दवाखान्यात ऋजूला टाके पडले. तासाभरानं खोतला जीपमधून आणलं. डावा डोळा गेला होता. बरगड्या, हात, सगळं मोडलेलं. सांगलीहून गाडी येईपर्यंत त्याला आमच्याच खोलीत, शेजारच्या खाटेवर ठेवलं. अण्णामामा दाराआड जमिनीवर बसून होता. त्याचा फेटा कुठं पडला होता कोण जाणे.

ऋजूनं खोतकडं पाठ फिरवली.

“पोरी,” तो म्हणाला. आवाज फुटका येत होता. “मी शेवटी घोडा मारला असता तर?”

ती भिंतीचा पोपडा नखानं खरवडत राहिली.

“मगापासनं हुडकतोय. घोडा मारतो मी. मग?”

ऋजू भिंतीकडं बघत म्हणाली, “उंटानं शह.”

“राजा कोपऱ्यात नेला.”

“मग वजीर.”

“हत्ती मधी घातला तर?”

“हत्ती मरतो. मात.”

त्याचा पट्टी न बांधलेला डोळा छताकडं लागला होता. ओठ हलत होते, डाव परत मांडत होता. “बरूबर,” तो शेवटी म्हणाला. “म्हंजे वेळेवर सोडला मी.”

म्हणजे तो घाम खरा होता, तो थडथडणारा गुडघा खरा होता.

“मग माईकवर तसं का...” मी म्हटलं.

“त्यास्नी नुरा कळती, ताई. डाव कळत न्हाई. जे कळतं तेच सांगावं लागतं.”

एवढ्यात अंगणात गाड्या थांबल्या. एकामागून एक. शिव्या, पळण्याचे आवाज, काच फुटली. अण्णामामा दाराला कडी घालायला उठला, पण दार त्याच्या अंगावर उघडलं. दारात खोतसारखाच एक माणूस उभा होता, वयानं मोठा, हातात ऊसतोडीचा कोयता. मागं जिन्यापर्यंत तावशीवाडीची पोरं.

“हैबतदादा,” खोत म्हणाला, “परत जा.”

“जातो. आधी एक सांग. खेळ खरा होता का?” हैबतचा आवाज शांत होता, म्हणून जास्त भीती वाटली. “खरा असंल तर खरं खेळणाऱ्या माझ्या भावाचा डोळा काढलाय ह्यांनी. मग हिंगणवाडी आज झोपायची न्हाई.” त्यानं कोयत्याच्या टोकानं अण्णामामाकडं दाखवलं. “सुरुवात हितनंच.”

“नुरा होती, दादा. माईकवर सांगितलं की.”

“मार खाताना माणूस काय बी सांगतो. तुझं न्हाई ऐकायचं मला.” तो ऋजूच्या खाटेपाशी आला आणि खाली बसला, तिच्या तोंडाशी तोंड येईल असा. कोयता त्यानं मांडीवर ठेवला. “बाळ, तू लहान हाईस. तू खोटं बोलणार न्हाईस. माझा भाऊ खरा हरला का मुद्दाम?”

मी ऋजूचा हात धरला. मला तिला काही सांगता येत नव्हतं. डोळ्यांनीही नाही, कारण हैबत माझ्याकडंही बघत होता. दाराआड अण्णामामा हात जोडून उभा होता. जिन्यातली पोरं दम धरून होती. मैदानभर जिनं ‘मी जिंकलेय’ म्हणून टाहो फोडला होता, ती पोर.

ऋजूनं वळून खोतकडं पाहिलं. त्यानं मान हलवली नाही, खूण केली नाही. नुसता एका डोळ्यानं तिच्याकडं बघत राहिला. ती पटाकडं बघायची तशी त्याच्याकडं बघत होती. एवढंच मला आठवतं, की ती अगदी स्थिर झाली होती.

“मुद्दाम,” ती म्हणाली.

“खरं?”

“हो. त्यांना डाव वाचवता येत होता. मला जिंकू दिलं त्यांनी.”

हैबत उठला. भावाच्या खाटेजवळ थुंकला. “दोन वेळा,” तो म्हणाला. “दोन वेळा घराचं नाव मातीत घातलंस.” आणि निघून गेला. जिन्यात पायांचा आवाज उतरत गेला, गाड्या सुरू झाल्या, लांब गेल्या. अण्णामामा दारापाशीच मटकन बसला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला.

खोतनं डोळा मिटला होता. त्याच्या गालावरून पाणी त्या मोडक्या कानात जात होतं.

ऋजूनं माझा हात सोडला. “आई,” ती म्हणाली, आणि वाकून माझ्या मांडीवर भडाभडा ओकली.

डॉक्टर धावत आले. तिच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघितली, नाडी बघितली. “घाबरू नका,” ते मला म्हणाले, “डोक्याला मार लागला की होतं असं.”

मी हो म्हटलं.